हतनूरची पाणबुडी बदके

जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ तापी नदीवर हतनूर धरण आहे. चांगदेव येथे तापी-पूर्णेचा संगम होतो आणि तेथून धरणापर्यंत पसरलेल्या उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या जलाशयात हिवाळ्यात मध्य आशिया व सैबेरियातून आलेली बदके मुक्कामाला असतात. पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाच्या क्षेत्रांच्या यादीत या जलाशयाचा समावेश आहे. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातील अनेर धरण आणि धुळे शहराजवळील नकाणे तलाव येथेही पाणपक्ष्यांचे निरीक्षण करता येते.

बदकांचे ढोबळ दोन गट पडतात. तलवार बदक, थापट्या ही बदके पाण्याच्या पृष्ठभागावर चरतात व जागेवरूनच थेट हवेत झेपावतात. लालसरी, शेंडी बदक ही पाणबुडी बदके होत. त्यांचे पाय शरीराच्या मागील बाजूस असतात. त्यामुळे बुडी उत्तम साधते; मात्र जमिनीवरची चाल अवघडल्यासारखी असते आणि उडताना पाण्यावर काही अंतर धावावे लागते.

उत्तरेकडील समुद्रांतील ‘स्कोटर’ हीदेखील पाणबुडी बदकेच. ती गोड्या पाण्याच्या काठी घरटी करतात. पण हिवाळा समुद्रात, तळाशी असलेले शिंपले खात काढतात. खान्देशात ती येत नाहीत. येथील पाहुणे गोड्या पाण्यातले आहेत.

ओळखण्याच्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत. मोठ्या लालसरीच्या नराचे डोके केशरी-तांबूस व चोच प्रवाळासारखी लाल असते. मादी तपकिरी असून तिचे गाल फिकट दिसतात. छोट्या लालसरीच्या नराचे डोके गडद तांबूस, छाती काळी व अंग राखाडी असते. शेंडी बदकाचा नर काळा, कुशीला पांढराशुभ्र, पिवळ्या डोळ्यांचा आणि मागे लोंबणाऱ्या शेंडीचा असतो. हंगामाच्या सुरुवातीला मात्र रंगावर विसंबू नये. विणीनंतर नरांची पिसे गळतात, उड्डाणाची पिसे एकदमच गळाल्याने तीन-चार आठवडे त्यांना उडता येत नाही आणि ते मादीसारखे तपकिरी दिसतात. अशा वेळीही मोठ्या लालसरीच्या नराची चोच लालच राहते, ही खूण उपयोगी पडते.

अंडी उबवणे व पिलांचे संगोपन ही कामे मादी एकटीच करते. छोट्या लालसरीच्या माद्या नरांहून अधिक दक्षिणेला जातात, असे युरोपातील गणनांत आढळले आहे. म्हणून थव्यातील नर-माद्या शक्य तेथे वेगवेगळ्या मोजणे हितावह ठरते.

मोठी लालसरी प्रामुख्याने पाणवनस्पतींवर जगते, तर शेंडी बदकाला गोगलगायी व शिंपले अधिक आवडतात. त्यामुळे तलावातील पाण्याची पातळी, वनस्पती आणि गाळ यांत बदल झाला की पाहुण्यांची संख्याही बदलते. पाण्याखाली ताणलेली मासेमारीची जाळी बुडी मारणाऱ्या पक्ष्यांना धोकादायक असतात. त्यांत अडकलेला पक्षी बुडून मरतो. छोट्या लालसरीची संख्या घटल्याने 2015 मध्ये तिची नोंद जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ म्हणून झाली.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार या बदकांची शिकार हा गुन्हा आहे. निरीक्षणासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील सकाळ उत्तम. दुर्बीण वापरावी आणि होडी थव्याजवळ नेऊ नये. पुन:पुन्हा उडावे लागल्यास परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी येथेच खर्ची पडते.