गिधाड-संरक्षण, दक्षिण आशियातील

दक्षिण आशियातील मृतभक्षक गिधाडांचा ऱ्हास थांबविण्यासाठी भारत, पाकिस्तान, नेपाळ व बांगलादेश यांनी केलेले सहकार्य. या इतिहासाशी मुंबईचा संबंध दुहेरी आहे. ऱ्हासाची नोंद घेणारी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी (स्थापना १८८३) फोर्ट भागात आहे. तर मलबार टेकडीवरील डुंगरवाडीत गिधाडे दिसेनाशी झाल्याने पारशी समाजाचा शतकानुशतकांचा अंत्यविधीच अडचणीत आला.

सोसायटीचे पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांना १९९० नंतरच्या दशकात भरतपूर येथे गिधाडे झपाट्याने घटल्याचे आढळले. प्रथम संशय रोगसंसर्गाचा होता. उलगडा मात्र सीमेपलीकडे झाला. पाकिस्तानातील पंजाबात मृत गिधाडांचे विच्छेदन करून, गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, असे लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले. हे संशोधन चालू असतानाच, २००१-०२ मध्ये, दोन्ही देशांची सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. भारत व नेपाळमधील मृत गिधाडांतही तेच औषध सापडले. एका शवावर अनेक गिधाडे जमतात. त्यामुळे शंभरांत एकाहून कमी शवे दूषित असली, तरी एवढा संहार घडू शकतो. भारतात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात सुमारे एक-सहस्रांशावर आली.

पहिल्या तीन देशांनी २००६ मध्ये, तर बांगलादेशाने २०१० मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. २०१२ मध्ये चौघांनी संयुक्त घोषणापत्र स्वीकारले. तथापि माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या. भारताने २०१५ मध्ये कुपीची मर्यादा ३ मिलि. ठरविली.