कार्बन डाय-ऑक्साइड शोषण संयंत्रे

धुराड्यातील वा अन्य वायुमिश्रणातील कार्बन डाय-ऑक्साइड अलग करणारी औद्योगिक साधनसामग्री. तिच्या इतिहासात आकार व खर्च कमी करण्याचा प्रश्न पुनःपुन्हा पुढे आलेला दिसतो.

अमाइनाच्या विद्रावाने अम्लीय वायू शोषून घेण्याच्या पद्धतीचे अमेरिकन पेटंट आर. आर. बॉटम्स यांना १९३० मध्ये मिळाले. या पद्धतीत उंच स्तंभात वरून विद्राव व खालून वायू सोडतात. सु. ४०° से. तापमानाला विद्राव कार्बन डाय-ऑक्साइड शोषतो. दुसऱ्या स्तंभात सु. १२०° से. पर्यंत तापविल्यावर तो वायू मुक्त होतो व विद्राव पुन्हा वापरता येतो.

प्रारंभी ही पद्धत मुख्यतः नैसर्गिक वायूच्या शुद्धीकरणासाठी वापरली गेली. तेथे दाब उच्च असल्याने वायूचे घनफळ कमी असते व स्तंभ आटोपशीर राहतात. उत्तर समुद्रातील स्लाइपनर येथे १९९६ पासून असे संयंत्र फलाटावरच बसविलेले आहे. कोळशाच्या धुराची स्थिती निराळी असते. त्याचा दाब वातावरणाइतकाच असून त्यात कार्बन डाय-ऑक्साइड सु. १२ ते १५ टक्केच असतो. शिवाय स्तंभातील द्रव केवळ गुरुत्वाने खाली उतरतो; वायूचा वेग वाढविल्यास तो वरच अडून राहतो. त्यामुळे स्तंभाचा व्यास व पर्यायाने भांडवली खर्च वाढतो. कॅनडातील बाउंडरी डॅम वीज केंद्रात २०१४ मध्ये सुरू झालेले संयंत्र अशाच मोठ्या स्तंभांचे आहे.

यावर कॉलिन रॅमशॉ यांनी ब्रिटनमधील आयसीआय कंपनीत १९७० नंतरच्या दशकात उपाय शोधला. त्यांच्या ‘हायजी’ यंत्रात सच्छिद्र भरणाचे कडे वेगाने फिरवितात. केंद्राशी सोडलेला द्रव केंद्रोत्सारी प्रेरणेने पातळ थरांच्या व थेंबांच्या रूपात बाहेर फेकला जातो आणि वायू बाहेरून आत येतो. गुरुत्वाच्या शेकडो पट प्रवेग लाभल्याने तेच काम पुष्कळ लहान जागेत होते. अधिक संहत व दाट विद्रावही वापरता येतो. मात्र फिरते भाग, धारवे व गळतीरोधक जोड यांची देखभाल वाढते आणि कडे फिरविण्यास वीज लागते.

भारतीय अभियंत्यांनी स्थापन केलेल्या कार्बन क्लीन या ब्रिटिश कंपनीच्या तंत्राचे, वर्षाला सु. ६०,००० टन क्षमतेचे संयंत्र तुतिकोरिन येथे २०१६ मध्ये सुरू झाले; त्यातील वायू सोडा ॲश निर्मितीसाठी योजिलेला होता. याच कंपनीने पुढे फिरत्या भरणाचे आटोपशीर संयंत्र विकसित केले.

सिमेंट उद्योगात चुनखडीतूनच कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. नुसते इंधन बदलून तो टळत नसल्याने तेथे, विशेषतः जागा व भांडवल मर्यादित असलेल्या कारखान्यांत, अशा संयंत्रांचे महत्त्व अधिक आहे. तथापि यंत्र लहान झाल्याने विद्राव तापविण्यास लागणारी उष्णता आपोआप घटत नाही. म्हणून संयंत्राच्या किमतीबरोबर या उष्णतेचाही हिशेब केल्याविना ते खऱ्या अर्थाने किफायतशीर ठरत नाही.