तेरेझीनच्या दोन सुटकेस

डिसेंबर १९४२ मध्ये चित्रकार फ्रिडल डिकर-ब्रांडाइस यांना पतीसह तेरेझीनच्या नाझी छावणीत धाडलं गेलं. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत योहानेस इटेन यांच्या हाताखाली शिकलेल्या फ्रिडल यांनी मोजक्या सामानातही चित्रांचं साहित्य भरून नेलं.

छावणीतल्या मुलांना त्या शिकवू लागल्या. कागदाची चणचण, पाठकोरे फॉर्मसुद्धा चालत. शिकवण्याची रीत इटेन यांचीच: आधी श्वास आणि लय, मग रेघ. हुबेहूब काढण्याचा आग्रह नाही. चित्रावर नाव मात्र घालायचंच. जिथे माणसाचा नंबर होत होता, तिथे हा हट्ट साधा नव्हता. मुलांनी फुलपाखरं काढली, सुटलेली घरं काढली, तीनमजली खाटाही काढल्या.

ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रिडल यांना ऑशविट्झला नेऊन मारलं. मागे उरली दोन सुटकेसमधली सुमारे ४५०० चित्रं; आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. काढणारी बहुतेक मुलं वाचली नाहीत, त्यामुळे छावणीतल्या या चित्रवर्गांना ‘उपचार’ म्हणताना जीभ अडखळते.

तरी धागा तुटला नाही. छावणीआधी प्रागमध्ये निर्वासित मुलांच्या वर्गात फ्रिडल यांना मदत करणाऱ्या त्यांच्या शिष्या एडिथ क्रेमर १९३८ मध्येच न्यूयॉर्कला पोचल्या होत्या. तिथे बिथरलेल्या मुलांसोबत चित्रांतून काम करत त्यांनी १९५८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. अमेरिकेतल्या कलोपचाराच्या पायाभरणीत त्यांचं नाव आवर्जून घेतलं जातं.