पित्ताच्या नळीतली पिशवी

घशाशी आंबट आलं, डोकं चढलं की आपण म्हणतो, "पित्त झालं." खरं पित्त वेगळं. ते यकृतात तयार होतं आणि एका बारीक नळीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरतं. काही जणांची ही नळी जन्मापासूनच फुगून पिशवीसारखी झालेली असते. दुखणं क्वचितचं आहे, पण पुरुषांपेक्षा बायकांत तीन-चार पट जास्त आढळतं. म्हणून आज आम्ही त्याच्या शोधाची गोष्ट घेतली आहे.

जर्मनीतल्या अब्राहम वाटर यांनी १७२३ साली अशा नळीचं वर्णन केलं. पुढे १८५२ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात डॉ. डग्लस यांच्याकडे सतरा वर्षांची मुलगी आली. ताप, कावीळ, उजव्या बरगडीखाली दुखरी गाठ. तपासायला साधन काय, तर डॉक्टरांचे डोळे आणि हात! क्ष-किरणांचा शोधसुद्धा अजून त्रेचाळीस वर्षं लांब होता. डॉक्टरांनी गाठीत नळी घालून आतलं पाणी काढून पाहिलं. मुलगी वाचली नाही. पण हा दोष जन्मापासूनचा असावा, असं त्यांनी लिहून ठेवलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं ही पिशवी सापडायची ती ऑपरेशनच्या टेबलावर, नाहीतर माणूस गेल्यावर. १९५९ साली आलोन्सो-लेख आणि त्यांच्या सोबत्यांनी जगभरातले ९४ रुग्ण आणि स्वतःचे दोन एकत्र मांडले. १९७७ मध्ये जपानच्या तोदानी यांनी पाच प्रकार पाडले. त्यातल्या एका प्रकारात पिशवी आतड्याच्या भिंतीतच दडते. ती दुर्बिणीने सापडते, आणि बऱ्याचदा दुर्बिणीतूनच उपचारही होतो.

पुस्तकात खुणा तीन: पोटदुखी, कावीळ, गाठ. पण तिन्ही एकत्र फार थोड्यांना दिसतात. मोठ्या बाईला नुसतंच अधूनमधून दुखतं, मग घरचे म्हणतात जागरण झालं, उपास झाला. कावीळ आली की आपल्याकडे गळ्यात माळ घालतात. माळ लांबली म्हणजे कावीळ उतरली! काही काविळी आपोआप ओसरतात, त्यामुळे माळेचं नाव होतं. नळीतला अडथळा मात्र माळेने हलत नाही.

सोनोग्राफी आली आणि चित्र पालटलं. पोटावर थंड जेल लावून, न कापता, न टोचता पिशवी दिसू लागली. पोटातल्या बाळाचीसुद्धा कधी कधी दिसते. शंका उरली तर एमआरआयने अख्ख्या नळीचा नकाशा मिळतो.

उपचारही बदलले. पूर्वी पिशवी तशीच ठेवून ती आतड्याला जोडून देत. बाईला बरं वाटायचं, पण काही वर्षांनी उरलेल्या पिशवीत कॅन्सर होऊ लागल्याचं दिसलं. आता शक्यतो पिशवीच काढून टाकतात आणि वरची नळी आतड्याला जोडतात. तुमच्या ओळखीत कुणाचं असं जुनं ऑपरेशन झालं असेल, तर तिने ते कागद जपून ठेवावेत आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला दाखवावेत.