खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय आणि बिळातील कोळंबी

मत्स्यालयाचा इतिहास सामान्यतः पाण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पाणी निर्मळ कसे राखावे, त्यात प्राणवायू कसा मिसळावा आणि समुद्रापासून दूर खारे पाणी कसे मिळवावे, या प्रश्नांभोवती त्याची मांडणी होते. तळच्या वाळूला या कथनात शोभेपलीकडे स्थान नसते. गाळात बीळ करून राहणाऱ्या कोळंबीचा विचार केला म्हणजे ही मांडणी किती अपुरी आहे, हे ध्यानात येते.

पाण्याच्या प्रश्नाची उकल मुख्यतः लंडनमध्ये झाली. १८४६ मध्ये ॲना थिन यांनी टॉर्कीहून आणलेले प्रवाळ तेथे जिवंत राखले. त्यासाठी त्यांची दासी उघड्या खिडकीपाशी पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतीत असे. रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मासे, वनस्पती व गोगलगायी यांच्या परस्परपूरकतेचे तत्त्व मांडले व पुढे ते खाऱ्या पाण्यास लावून पाहिले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांनी चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल सिद्ध केले. १८७१ च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी अंधाऱ्या टाकीतील मोठा जलसाठा पंपाने सतत खेळता ठेवला. स्वच्छ पाणी हा या सर्व परंपरेचा आदर्श होता.

बिळातील कोळंबीला मात्र हा आदर्श मानवत नाही. समुद्रतळीच्या गाळात वरच्या पातळ थराखाली प्राणवायू सहसा पोहोचत नाही. तो गाळ काळा पडतो व त्यात हायड्रोजन सल्फाइड साचतो. अशा ठिकाणी ही कोळंबी पोटाखालील पाय हलवून बिळातून पाणी वाहते ठेवते. परिणामी बिळाच्या भिंतीलगतचा गाळ फिकट दिसतो.

जॉर्ज मॅकगिनिटी यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील अशा दोन प्राण्यांचे जीवनवृत्त अनुक्रमे १९३० व १९३४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी उपोगेबिया हा टिकाऊ बीळ राखून त्यातून वाहणाऱ्या पाण्यातील अन्नकण पायांवरील केसांनी गाळून घेतो. कॅलिॲनासा अखंड खणत राहतो व गाळातील सेंद्रिय द्रव्यावर जगतो. यावरून मत्स्यालयाची मांडणी कशी असावी हे उघड होते. पात्रात बिळापुरता खोल व भिंती तग धरतील असा गाळ हवा. पूर्णपणे गाळलेल्या पाण्यात पहिला उपाशी मरेल. धुऊन स्वच्छ केलेल्या वाळूत दुसरा. मत्स्यालयविद्येने जो मळ म्हणून टाकला, तेच येथे अन्न ठरते.

निरीक्षणाची अडचण मात्र उरतेच. गाळात शिरलेला प्राणी दृष्टीआड होतो. म्हणून अभ्यासकांनी दोन काचा जवळजवळ बसवून त्यांमधील चिंचोळ्या जागेत गाळ भरण्याची रीत स्वीकारली. अशा पात्रात प्राण्याची खोदकामाची क्रिया दिसते, परंतु बीळ सपाट होऊन त्याचा नैसर्गिक आकार बिघडतो. उलट, यूजीन शिन यांनी फ्लोरिडा व बहामा येथील बिळांत राळ ओतून घेतलेल्या व १९६८ मध्ये वर्णिलेल्या साच्यांत आकार यथातथ्य सापडतो. पण खोदणारा प्राणी कसा वागतो, हे त्यांतून कळत नाही.

काचपात्र हे पुराव्याचे साधन आहे, तसेच ते पुराव्याला आकारही देते. त्यामुळे पात्रातील बीळ आणि किनाऱ्यावरील बीळ ही एकमेकांशी ताडून पाहिल्यावाचून कोणताही निष्कर्ष काढणे युक्त ठरत नाही.