गोटुल : गावातील तरुणांची पहिली शाळा

सर्व गावाने मिळून उभी केलेली, जपलेली आणि पुढील पिढीच्या स्वाधीन केलेली वास्तू गावाला देवासमान वाटते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात अशा दोन वास्तू पूर्वापार चालत आल्या आहेत. एक देऊळ व दुसरा गोटुल. आपल्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी गोटुलाचेही स्मरण होणे उचित होय.

गोटुलाची रीत पारी कुपार लिंगो यांनी घालून दिली, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. दिवसभराची कामे आटोपली की गावातील अविवाहित मुलेमुली सायंकाळी तेथे जमत. बाहेरच्या लोकांना त्यातील नाचगाणेच तेवढे दिसले व पुष्कळदा विपरीतही लिहिले गेले. शेजारच्या बस्तरमधील मुरियांच्या गोटुलावर व्हेरियर एल्विन यांनी १९४७ साली मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे या संस्थेची योग्यता जगाला कळू लागली.

वास्तविक गोटुल ही शाळाच होती. पाटी नाही, पुस्तक नाही, पगारी मास्तर नाही. थोरल्याने धाकट्यास शिकवावे. कोवळे वास्ते सोडून जून बांबू कसा निवडावा, त्याच्या काड्या कशा काढाव्यात, टोपली व सूप कसे विणावे, सालीचा दोर कसा वळावा, पानांच्या पत्रावळी कशा लावाव्यात, हे सर्व हाताने करूनच शिकावयाचे. ढोल वाजविणे व रेला नाच हेही त्यातलेच. गावात लग्न असो वा मयत, लाकूडपाणी आणण्यास ही मुले पुढे असत. पाहुणा आला तर त्याचा मुक्काम गोटुलातच. अशा रीतीने हाताला काम व मनाला शिस्त लागत असे.

झाडीपट्टीतील इतर गावांत हेच कार्य राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळांनी केले. महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेला ग्रामसफाई, व्यायाम व श्रमदानाची जोड दिली. १९४२ साली १६ ऑगस्टच्या चिमूर क्रांतीत तरुण निर्भयपणे पुढे सरसावले, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. भजनास बसणारे तरुण वेळ येताच गावासाठी उभे राहिले.

पुढे काळ बदलला. मुले आश्रमशाळेत व शहरात गेली, आणि पुष्कळ गावांतील गोटुल ओस पडून मोडकळीस आले. परंतु धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने वेगळा मार्ग धरला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा निराळा झाला. त्याच दशकात या गावाने जुन्या रीतीप्रमाणे सागवानी लाकडाचा गोटुल बांधण्याचे ठरविले. जंगलातील सागवान वापरल्याबद्दल वनखात्याने हरकत घेतली व बांधलेला गोटुल पाडण्यात आला. गाव खचले नाही. कोणावर हात न उगारता गावकऱ्यांनी तो पुन्हा उभा केला, आणि आसपासची गावेही त्यांच्या पाठीशी उभी राहिली.

याच गावात अभ्यासगट चालले. लोक एकत्र बसून कायदा समजून घेत, शंका विचारीत व सर्वांच्या संमतीनेच निर्णय करीत. त्याचे फळ २००९ साली मिळाले. वनहक्क कायद्यान्वये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेस मिळाला. जो बांबू कसा तोडावा हे वाडवडील गोटुलात शिकले, त्याच बांबूच्या विक्रीचा हिशेब आता गाव स्वतः ठेवू लागले.

यातून आपण काय घ्यावे? देणगीदारांच्या औदार्याने व गावकऱ्यांच्या श्रमदानाने आपले देऊळ नव्याने उभे राहिले आहे. परंतु सभामंडप सप्ताहापुरताच भरला आणि एरवी त्यास कुलूप राहिले, तर काय उपयोग? टोपली विणणारे, दोर वळणारे, लाकूडकाम जाणणारे वडीलधारे आज आपल्यात आहेत. त्यांच्याबरोबर ही विद्याही जाईल. आठवड्यातून एक सायंकाळ त्यांनी मंडपात बसावे व तरुणांनी त्यांच्याजवळ शिकावे. जुन्यांचे ज्ञान नव्यांच्या हाती आले, तरच हा जीर्णोद्धार पूर्ण झाला असे म्हणता येईल. तशी सद्बुद्धी सर्वांस लाभो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.