बडोद्याची नोकरी बाबासाहेबांनी सोसली नाही, सोडली

गेल्या महिन्यात एका रविवारी वंदना आटोपल्यावर आमच्या अभ्यासवर्गातला एक मुलगा विहारातच मागे थांबला. हिंजवडीतल्या एका कंपनीत तो चार वर्षे सॉफ्टवेअरचे काम करत होता. शुक्रवारी राजीनामा देऊन आला होता आणि दुसरी नोकरी हातात नव्हती. मॅनेजर भर मीटिंगमध्ये त्याच्या इंग्रजीची नक्कल करायचा. रात्री अकराला फोन करून सकाळपर्यंत काम मागायचा. आईला दवाखान्यात दाखल केले तेव्हा त्याने दोन दिवसांची रजा मागितली, तर उत्तर आले, "मग कायमचाच घरी बस." त्याने एचआरकडे तक्रार केली. तिथल्या बाईंनी गोड बोलून ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी ती तक्रार त्याच मॅनेजरच्या टेबलावर पोहोचली.

हे सारे ऐकत वस्तीतले एक काका शेजारी बसले होते. ते म्हणाले, "बाबासाहेबांनी एवढं सोसलं, आणि तुला साहेबाचं ओरडणं सोसवत नाही?" मुलाने मान खाली घातली. त्या वेळी आम्हीही गप्प बसलो. हा लेख म्हणजे काकांना आणि त्या मुलाला, दोघांनाही आम्ही उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी काकांविषयी. त्यांचा राग खोटा नाही. त्या मुलाच्या एका पगारावर घराचे हप्ते, आईची औषधे आणि धाकट्या बहिणीचे शिक्षण चालते. आपल्याकडे एक नोकरी गेली की एका माणसाची नाही, साऱ्या घराची चूल हलते. म्हणून काकांच्या बोलण्यामागे भीती आहे आणि ती आम्हाला मान्य आहे. पण त्या भीतीला आधार म्हणून त्यांनी जो इतिहास सांगितला, तो चुकीचा आहे.

बाबासाहेबांनी बडोद्याची नोकरी सोसली नाही. ती त्यांनी सोडली.

१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, असा करार होता. आजच्या कंपन्या दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घेतात, तर तो बॉण्ड दहा वर्षांचा होता. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते १९१७ साली परतले आणि करार पाळायला बडोद्याला गेले. कीरांच्या चरित्रात लष्करी सचिवाच्या पदाचा उल्लेख आहे. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणीत महालेखापालांच्या कचेरीतली उमेदवारी आहे. हुद्दा कोणताही धरा, कचेरीतली वागणूक तीच होती. शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकत. कचेरीत प्यायला पाणी मिळत नसे. परदेशी विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाची किंमत पट्टेवाल्याने ठरवली होती.

राहायला जागा नव्हती. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, रोजचे दीड रुपया भाडे देऊन, पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायला त्यांनी बजावले. शहरात दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने पत्नीवर बोट ठेवले. त्या दिवशी बाबासाहेब सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. आज त्या जागेला आपण संकल्पभूमी म्हणतो आणि दर सप्टेंबरमध्ये तिथे गर्दी करतो.

पण तिथे नतमस्तक होताना आपण एक गोष्ट विसरतो. सयाजीराव वाईट राजे नव्हते. अस्पृश्यांसाठी शाळा काढणारा, सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणणारा तो राजा होता. त्याच्या इच्छेत खोट नव्हती. खोट मधल्या उतरंडीत होती. राहण्याची सोय व्हावी म्हणून बाबासाहेबांनी दिवाणांकडे अर्ज केला होता, तो दिवसेंदिवस पुढे ढकलला गेला. वर राजा पुरोगामी, खाली शिपाई जातीचा पक्का आणि मधला अधिकारी दोघांनाही न दुखावणारा. अशी रचना असली की अर्ज वर जात नाही, मध्येच जिरतो.

आजच्या कंपनीत याहून काही वेगळे दिसते का? भिंतीवर समानतेचे फलक असतात. मालक परदेशात बसून विविधतेवर भाषण देतो. प्रत्यक्षात तुमची रजा, तुमचे रेटिंग, तुमची बढती आणि सोडताना मिळणारे अनुभवपत्र हे सगळे एका मधल्या माणसाच्या हातात असते.

अमेरिकेतले उदाहरण साऱ्या जगाने वाचले आहे. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या रोजगार व गृहनिर्माण हक्कविषयक विभागाने सिस्को कंपनी आणि तिच्यातल्या दोन भारतीय वंशाच्या वरिष्ठांवर खटला भरला. एका दलित अभियंत्याची जात सहकाऱ्यांत उघड केली गेली आणि त्याने तक्रार केल्यावर त्याला बाजूला सारले, असा आरोप होता. जातीवरून भेदभाव करणे बेकायदा नाही, असे कंपनीच्या एचआरने त्याला सांगितले, असेही त्या दाव्यात नमूद आहे. कंपनीने आरोप नाकारले. पुढे २०२३ मध्ये त्या दोन व्यक्तींवरचा दावा विभागाने मागे घेतला, कंपनीवरचा मात्र चालू ठेवला. निकालाचे काम न्यायालयाचे आहे. आम्हाला त्यात दिसते ते एवढेच: बडोद्यात अर्ज दिवाणांपाशी अडकला, इथे एचआरपाशी. पण त्या एका माणसाने लेखी तक्रार केली होती, म्हणून विषय दाबला गेला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवरून होणारा भेदभाव कायद्याने बंद केला, त्यामागच्या चर्चेत या खटल्याचा मोठा वाटा होता.

इथे कोणी म्हणेल, "तो मॅनेजर सगळ्यांवरच ओरडतो. त्यात जात कुठे आली?" प्रश्न रास्त आहे. आमच्या मुलालाही खात्रीने सांगता येत नाही की मॅनेजरला त्याची जात माहीत होती. आणि प्रत्येक अपमानाला जातीचे लेबल लावण्याची घाई आम्ही करणार नाही. तशी घाई केली की खऱ्या प्रकरणांची धार जाते.

पण समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट आम्ही शिकलो: जात फक्त शिवीत शोधायची नसते, किंमत कोणाला किती मोजावी लागते यातही शोधायची असते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, पात्रता सारखी असूनही अर्जावर दलित आडनाव असले की खाजगी कंपन्यांकडून मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता कमी होते. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दाखवले की नोकरी देणारे अधिकारी गुणवत्तेच्या गप्पा मारतात आणि मुलाखतीत मात्र 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारतात. म्हणजे मॅनेजर दोघांवर सारखाच ओरडला तरी दोघांची स्थिती सारखी नसते. एकाचा मामा दुसऱ्या कंपनीत वरच्या जागेवर असतो, वडिलांची पुण्यात दोन घरे असतात. तो राजीनामा फेकून महिनाभर हिमालयात फिरून येतो. दुसऱ्याला विहारात येऊन मान खाली घालावी लागते. ओरडणे सारखे, पण पडण्याची उंची वेगळी. जात त्या उंचीत आहे.

आता बडोदा सोडल्यानंतरचे पाहा, कारण राजीनाम्याचे पोवाडे गाणेही आम्हाला मंजूर नाही. मुंबईत आल्यावर बाबासाहेबांचे हाल झाले. त्यांनी शिकवण्या घेतल्या. शेअरविषयी सल्ला देणारी पेढी काढली, पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके गेली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. तिथेही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यावरून कुरकुर झालीच. मग बडोदा सोडणाऱ्या बाबासाहेबांनी सिडनहॅम लगेच का सोडले नाही?

कारण तिथे त्यांचा हिशोब वेगळा होता. ते परळच्या चाळीत राहून पगारातला पैसा मागे टाकत होते आणि लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास डोळ्यांसमोर होता. त्याच काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी, 'मूकनायक' सुरू झाले. पैसे साठल्यावर, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजारांचे कर्ज घेऊन, १९२० साली ते लंडनला गेले. बडोद्यात पारशी काठ्या घेऊन आले होते, मुंबईत एका पारशी मित्रानेच हात दिला. तेव्हा प्रश्न 'सोसायचे की सोडायचे' एवढाच नसतो. जे सोसतो ते कशासाठी आणि किती दिवस, हे आपण ठरवले आहे का, हा खरा प्रश्न असतो. सिडनहॅम त्यांनी वापरले. बडोदा त्यांना वापरून संपवणार होते.

आणि नोकरी सोडणे ही आपल्या समाजाची एकट्यादुकट्याची गोष्ट कधीच नव्हती. महारकी काय होती? १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेली पिढीजात नोकरी. सांगावा पोहोचवा, सरकारी खजिन्याची राखण करा, आलेल्या अधिकाऱ्याची सरबराई करा. वेळकाळ ठरलेला नाही आणि घरातला कर्ता पुरुष हजर नसेल तर दुसऱ्या कोणी जायचे. बदल्यात तुकडाभर इनाम जमीन आणि दारोदार मागून आणायचे बलुते. रात्री अकराचा फोन आमच्यासाठी नवा नाही, आमच्या पणजोबांना तो चावडीवरून यायचा. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस आणि लाचारीची कामे सोडायला सांगितले. वर्षभराने, १९ मार्च १९२८ रोजी, त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. मधल्या तीस वर्षांत कामे सोडणाऱ्यांवर गावोगाव बहिष्कार पडले, दळण बंद, दुकान बंद. तेव्हाही घरातली म्हातारी माणसे म्हणाली असतीलच, "हक्काची भाकर कशाला सोडता?" त्यांनी सोडली म्हणून त्यांची नातवंडे हिंजवडीत पोहोचली.

सोडण्याचा हक्क हा किती मूलभूत आहे, हे बाबासाहेबांनी १९३८ साली कायद्याच्या भाषेत सांगितले. मुंबई सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाला विरोध करताना त्यांचा मुद्दा असा होता: काम थांबवणे हा फार तर कराराचा भंग, तो गुन्हा ठरवला तर माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावल्यासारखे होईल, आणि त्याचे नाव गुलामगिरी. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याविरुद्ध मुंबईत संप झाला. पुढे वेठबिगारीला बंदी घालणारे कलम २३ संविधानात आले.

शेवटचा राजीनामा २७ सप्टेंबर १९५१ चा. देशाच्या कायदेमंत्र्यांनी मंत्रिमंडळ सोडले. सभागृहात निवेदन करण्यात अडथळा आला, तेव्हा ते बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांकडे दिले. हिंदू कोड बिल, मागासवर्गीयांची उपेक्षा, परराष्ट्र धोरण, सगळी कारणे एकेक करून मांडली. बडोदा सोडताना ते एकटे होते, १९५१ ला त्यांच्या मागे समाज उभा होता. पण दोन्ही प्रसंग आपल्याला माहीत आहेत ते एकाच कारणाने: दोन्ही त्यांनी लिहून ठेवले.

आपली मुले मात्र राजीनाम्यात 'वैयक्तिक कारण' एवढेच लिहितात. अनुभवपत्र अडेल, ही भीती असते. मान्य. पण कंपनीला दिलेल्या कागदावर लिहिता येत नसेल तर स्वतःच्या वहीत लिहा. तारीख, वेळ, कोण काय बोलले, समोर कोण होते. ईमेल जपून ठेवा. तक्रार तोंडी करू नका, लेखी करा. चारचौघांत जातीवरून अपमान झाला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा कंपनीच्या गेटबाहेर थांबत नाही, वकिलाशी बोला. आणि एक मागणी आपण सगळ्यांनी मिळून लावून धरली पाहिजे. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याने कंपनीत समिती सक्तीची केली. जातीय छळासाठी खाजगी कंपनीत तशी समिती सक्तीची का नाही?

उरलेले काम समाजाचे आहे. जयंतीच्या डीजेवर आपल्या वस्तीत एका रात्रीत किती पैसा जातो, हे प्रत्येक मंडळाला माहीत आहे. त्यातला काही भाग नोकरी सुटलेल्या मुलामुलींच्या तीन महिन्यांच्या हप्त्यांसाठी बाजूला पडू शकत नाही का? आपलेही लोक आता कंपन्यांत वरच्या जागांवर आहेत. त्यांनी आडनाव लपवून बसण्यापेक्षा एकेका मुलाचा बायोडाटा पुढे सरकवावा. बडोद्यातल्या त्या बागेत बाबासाहेबांकडे उघडे दार नव्हते. आज आपल्या मुलासाठी विहाराचे दार उघडे आहे, पण दारात आल्यावर आपण त्याला काय ऐकवले?

पुढच्या रविवारी आम्ही काकांना हे सगळे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलाला म्हणाले, "हप्त्याची तारीख कधी आहे?"

जय भीम.